कातडीत मिसळणारा रंग

मनगट मुरगळलं तेव्हा कंपाउंडरने बिस्किटी रंगाचं क्रेप बँडेज बांधलं. "हा रंग कातडीत मिसळून जातो," तो म्हणाला. "काय झालं, कसं झालं म्हणून कोणी डोकं खात नाही." आमच्या घरचे पडदे, सोफा, भिंती, सगळं त्याच रंगाचं आहे, बायकोच्या मते तो कशावरही खपून जातो. आणि खरंच, कोणी काही विचारलं नाही. पुढेपुढे तर मलाही ते बँडेज दिसेनासं झालं.

आज ते सोडवायला दोघं गेलो.

कंपाउंडर एकेक वेढा सोडत गेला. गुंडाळी त्याच्या मुठीत मावेना, तेव्हा त्याने बँडेज जमिनीवर सोडलं.

"हात सोडवताय की कोबी सोलताय?" बायको हसली.

माझ्या पायाशी बिस्किटी ढीग साचत गेला. मनगट मात्र होतं तेवढंच जाड. बायकोचं हसू विरलं.

"अहो, तुमची बोटं तर बाहेर होती ना?"

मी पाहिलं. बोटांवरही तीच बारीक वीण होती. नखांवरसुद्धा.

"राहू द्या आता," मी म्हणालो आणि उठायला गेलो. सुटलेल्या बँडेजचे वेढे माझ्या पायांना घट्ट बसले होते.

"हलू नका, झालंच," कंपाउंडर घाम पुसत म्हणाला. "हे बघा, आतलं टोक सापडलं."

त्याने ते हलकेच ओढलं.

माझ्या कानामागे काहीतरी सैल झालं.