आबांसाठी

चाकं काढलेली जीप लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. फकिरा मिस्त्री तिच्याखाली आडवा झाला होता. जुने कमानपाटे त्यानं कालच काढून भिंतीशी टाकले होते. त्यांच्या जागी आता कॉइल स्प्रिंगा बसायच्या होत्या.

"आबांना पुढं बसवायचं का मागं?" त्यानं खालूनच विचारलं.

"पुढं. मागं बसत नाहीत ते," गोरक्ष म्हणाला.

सुवर्णाला हसू आलं. बैलगाडीतसुद्धा वडील कधी मागं बसले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी ते द्राक्षाच्या मांडवावरून पडले. तेव्हापासून काठीवर वाकून कसेबसे चालत. उद्या नाशिकला ऑपरेशन होतं. वाटेत मणक्याला दणका बसला तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पिंपळगावच्या मळ्यातून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत तर नुसती खडी आणि खड्डे.

आबांना दवाखान्यात न्यायची वेळ आली की दोन वर्षं गोरक्षनं जीप असून नसल्यासारखी केली होती. सुवर्णानं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. मग गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "ताई, आबांसाठी गाडीला स्प्रिंगा बसवतोय. त्यांच्या कंबरेला दणका सोसत नाय." फोन ठेवून ती किती वेळ रडली. आज सकाळीच देवळाली कॅम्पहून नाशकातल्या द्वारकेला या गॅरेजवर येऊन बसली होती.

"वजन किती हो त्यांचं?" फकिरा.

"नव्वद धर," म्हणून गोरक्ष चहा सांगायला गेला.

नव्वद! आबा पन्नासही भरले नसते. पोरानं बापाकडं धड पाहिलंही नव्हतं. तिला वाईट वाटलं, पण आज भांडायचं नव्हतं.

"तेवढे नाहीत हो ते आता," ती हळूच म्हणाली.

"असू द्या ताई. मऊच घेतल्यात. काळजी सोडा."

त्यानं एक्सल जॅकनं खाली घेतला, स्प्रिंग वाटीत बसवली, टोक नीट टेकलंय का ते बोटानं चाचपलं आणि जॅक पुन्हा वर घेतला. चारही बाजूंना तसंच. चाकं चढली.

चक्कर मारताना सुवर्णा पुढं बसली. मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या घेतला. गोरक्षनं मुद्दाम खड्ड्यांतून गाडी घातली. थेंब सांडला नाही.

"गुणाचा रे माझा भाऊ," ती म्हणाली.

"लय करतेस तू, ताई."

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्यानं गाडी कडेला घेतली आणि सावरून बसला.

"हो आबा, झाली गाडी. उद्या आठला बंगल्यावर हजर. प्रचार संपेस्तोवर तुमच्या कंबरेला धक्का लागू देत नाय."

फोन बंद झाला. सुवर्णानं मांडीवरचा तांब्या खाली ठेवला.

"आणि आपले आबा?"

"ते जातील की एसटीनं."