आईचा एक डाव

पाच वाजता पालकसभा होती. मारधाडीच्या व्हिडिओ गेमवर बंदी आणावी, असा ठराव तिथे आईच मांडणार होती. तो मांडला की घरातला गेमही जाणार, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

"चौकशी न करताच फाशी? एक डाव तरी खेळून बघ ना!"

"एकच हं," म्हणत आईने कंट्रोलर उलटा धरला. लेक हसून लोटपोट झाली.

पडद्यावर भिंतीआडून एक सैनिक पुढे आला. आईने नेम धरला, पण बटण काही दाबवेना. "अगं, केवढासा आहे हा! जेवला तरी असेल का?"

सैनिकाने बंदूक खाली ठेवली.

"आई, हे असं कधीच करत नाहीत!"

मग छपरांवरून, खंदकांतून बाकीचेही आले. बंदुकांचा ढीग झाला. "बघ, याला म्हणतात आईचा धाक!" आईने टाळ्या पिटल्या. दोघींची हसून हसून पुरेवाट झाली.

सैनिकही हसले. मग एकेकाने खाली बसून नाड्या सोडल्या आणि कुणाच्या घरात शिरताना ठेवावेत तसे बूट पडद्याच्या कडेला ओळीने लावले.

लेकीचं हसू विरलं. तिने धावत जाऊन वायर उपटली. पडदा काळा झाला.

"लाजताय काय, या की!" ठरावाचा कागद चुरगळून टाकत आई कौतुकाने सरकून बसली.

तिच्या शेजारी सोफा हळूच दबला. मग त्याच्या पलीकडेही.