मोगल पाहिजेत

धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या गावात मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, साल्हेरच्या लढाईचं नाटक होतं. पडदा उघडायची वेळ झाली, तरी नाटक बसवणाऱ्या रेणूकडे मावळे ढीगभर आणि मोगल एकही नाही.

“गुड्डू, तू तरी हो रे मोगल.”

“मी काऊन होऊ, ताई? सासरवाडीचे लोक येऊन राहिले!”

“टिंकू?”

“माही सोयरीक जुळून राहिली. मोगल पाहून कोन पोरगी देईल?”

शत्रूच नाही तर लढाई दाखवायची कशी? नाटक रद्द झाल्याचं सांगायला रडवेली रेणू माइककडे निघाली, तेवढ्यात पडद्यामागे पत्र्याच्या तलवारी खणखणल्या. तिने धावत जाऊन पाहिलं.


मोगलांची गरजच नव्हती. पुढच्या रांगेत कोणी उभं राहायचं, यावरून मावळ्यांनीच एकमेकांची डोकी फोडली होती.