शेवाळाचे गोचीड

दीर असला तरी न बघता बोंब मारायची तातेरावाची खोड द्वारकाबाईला कधी मानवली नव्हती. बारवेतलं हिरवं शेवाळ एकाएकी पिवळं पडलं, तर त्यानं लमाणांच्या तांड्यावरच्या मोतीबाईकडं बोट केलं. “हिनंच विष कालवलं.” रझाकारांच्या धास्तीनं बिथरलेल्या गावानं काठ्या उचलल्या. मोतीबाई त्याच पाण्याचा तांब्या छातीशी धरून पायरीवर थिजली. द्वारकाबाईच्या हैदराबादेत शिकणाऱ्या, सुटीला आलेल्या लेकानं शेवाळाचा धागा सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. द्वारकाबाईनं डोळा लावला. धाग्याला बारीक मणी लटकले होते, म्हशीच्या कासेला गोचीड लटकावेत तसे. “आई, हे जीव शेवाळाला शोषून राहिले. विष न्हाई.” काठ्या उतरेनात. तांड्याच्या हातचं पाणी कधी न प्यालेल्या द्वारकाबाईनं मोतीबाईचा तांब्या घेतला, घटाघटा रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं. “शेवाळाचा रोग बघायला भिंग लागलं, भावजी. तुमचा दुरूनबी दिसून राहिला.”