रिकाम्या गाठी

बंदरावरून परत आलेला लॉरीभर माल मंडी मोहल्ल्यातल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात येऊन पडला होता आणि या कामाची जबाबदारी घेतलेल्या मालतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. चक्रीवादळानं धुऊन नेलेल्या परदेशी बेटावरच्या बायकांसाठी कानडी मुलखात मुरलेल्या मोहल्ल्यातल्या मराठी शिंपीघरांनी झगे शिवले होते. ढगळ, सुती, कुणालाही बसतील असे. सोबत डोक्याला बांधायला एकेक रुमाल. तिथं त्या बायका अंगावरच्या कपड्यांनिशी कुठल्याशा शाळेत पडून होत्या. आणि इथल्या शहाण्या बायकांनी प्रत्येक रुमालाच्या टोकाला तांदूळ, हळकुंड, सुपारी बांधून गाठ मारली होती!

परदेशात धान्याचा दाणाही चालत नाही, कीड जाते, म्हणून सगळा माल अडवला होता. मदत पाठवणाऱ्या संस्थेचे तिरुमलराव सकाळीच येऊन बजावून गेले होते, "संध्याकाळी लॉरी सुटली नाही तर जहाज चुकेल. पुढचं महिन्यानं."

"नुसते कपडे द्या, असं घसा फोडून सांगितलं होतं की नाही मी?" मालतीबाई कडाडल्या.

"कपडे म्हणालात की हो," म्हाताऱ्या कुसुमबाई म्हणाल्या. "ओटी बेडा, नको म्हणून कुठं म्हणालात? सवाष्णीला कोरा कपडा मोकळा कसा द्यायचा?"

"अहो कुसुमअक्का, तिथं कुणाचा नवरा उरला, कुणाचा वाहून गेला, तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नाही म्हणून तर सगळ्यांना भरली."

मालतीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. रागवायचं तरी कुणावर? बायका खाली मान घालून गाठी सोडत होत्या. घट्ट मारलेल्या गाठी नखांना दाद देत नव्हत्या. मधे तांदळाचा ढीग वाढत होता.

"उपाशी आहेत म्हणता," कुसुमबाई पुटपुटल्या, "आणि तांदूळ नको म्हणता."

"मी नाही म्हणत! नियम आहे तो!" मालतीबाई ओरडल्या, आणि आपण नियमाची बाजू घेतोय हे कळून आणखीच चिडल्या.

उन्हं कलली. लॉरीवाला हॉर्न वाजवू लागला. पुन्हा आलेल्या तिरुमलरावांनी तपासायला एक गठ्ठा उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. "एन अम्मा, परत गाठी?"

मालतीबाई पुढे धावल्या. तिरुमलरावांनी एक गाठ चाचपली, सोडली. आत काही नव्हतं. दुसरी सोडली. तीही रिकामी.

"मग बांधल्या कशाला?"

"सुम्मने," कुसुमबाई म्हणाल्या. "उगीच."

रिकाम्या गाठीबद्दल नियमात काही नव्हतं. तिरुमलरावांनी गठ्ठे बांधून घेतले आणि लॉरी निघाली.

मालतीबाई तांदळाच्या ढिगाशेजारी मटकन बसल्या. काम झालं होतं, तरी त्यांना रडू येत होतं. "अहो अक्का, तिथली बाई मोठ्या आशेनं ती गाठ सोडेल. आत काहीच नाही. काय म्हणेल ती?"

कुसुमबाई तांदूळ सुपात भरत होत्या.

"काय म्हणणार? वाटेत कुणीतरी काढून घेतलं, म्हणेल."