शास्त्रज्ञाचा भात

टीव्हीवर हिंदीत बोलणारं जपानी कार्टून लागलं होतं. त्यातल्या शास्त्रज्ञाने सगळ्या शहरासाठी जेवणाची गोळी शोधली होती आणि स्वतः मात्र तो दार लावून भात खात होता.

"बाबा, हा का नाही गोळी खात?" भार्गवीने विचारलं.

"लबाड आहे मेला! त्यात काय घातलंय ते त्याला ठाऊक आहे ना," आंबे झटपट पिकवायची कार्बाइडची पुडी मुंबईला पाठवायच्या पेटीत सारत भास्कर म्हणाला.

भार्गवीने बाजूच्या पेटीतला पिवळाधमक आंबा उचलला.

"तो नको गो! घरचे आढीत घातलेत, गवतात. त्यातला घे."

तिने आंबा परत ठेवला.

"मग हे मुंबईवाल्यांनी खायचे?"

शास्त्रज्ञ अजून भातच खात होता. भास्करने उठून टीव्ही बंद केला, पण वळून तिच्याकडे काही त्याला बघवेना.