लालऐवजी निळा

भूपेशचं काम महिनाभर चोख असायचं आणि मग एखाद्या दिवशी तो प्रोग्राममध्ये, वापरायचं नाही असं ठरलेलं एखादं बाद फंक्शन बिनदिक्कत वापरून मोकळा व्हायचा. "फंक्शनांच्या सूचीत बाद झालेलं लाल रंगात ठळक दिसतं की रे," टीमलीड मृणाल सगळ्यांदेखत सुनवायची. तो "चुकलंच" म्हणून मुकाट्याने दुरुस्ती करायचा.

ही सूची बनवणारं टूल मृणालनेच लिहिलेलं. महिन्याकाठी सूची नव्याने बनली की प्रत्येकाने आपल्या सोयीने केलेल्या सेटिंग्ज पुसल्या जायच्या. तक्रारी वाढल्या, तेव्हा तिने त्या जपण्याची सोय केली आणि चाचणीसाठी एकेकाची फाइल उघडली. कुणी अक्षर मोठं केलं होतं, कुणी स्क्रीन काळी. भूपेशने एकच ओळ बदलली होती: बाद फंक्शनांचा रंग लालऐवजी निळा. चालू फंक्शनं हिरवीच होती.

तिने सूची बनल्याच्या तारखा काढल्या. भूपेशच्या चुका नेमक्या त्याच दिवसांच्या होत्या, त्याचा निळा पुसला जाऊन पुन्हा लाल आलेल्या. त्याला लाल-हिरव्यातला फरकच दिसत नव्हता.

नव्या आवृत्तीत सगळ्यांनाच निळा रंग आला. "लाल काय वाईट होता?" कुणीतरी विचारलं.

"माझंच चुकलं होतं," मृणाल सगळ्यांदेखत म्हणाली, भूपेशकडे न बघता.